दुधीराव, बढतीबद्दल अभिनंदन!

प्रति,
श्रीमान दुधीराव भोपळे
(पूर्वीचा पत्ता : मंडई, भाजीचा गाळा. हल्ली मुक्काम : बागेच्या फाटकाबाहेरची ज्यूसची गाडी)

स. न. वि. वि.

तुमची बढती झाल्याची बातमी कानावर आली. भाजी होतात, औषध झालात. आजवर तुमचे नाव निघाले की घरातली पोरे ताटावरून उठायची. गणिताच्या पेपरात शून्य पडले तरी लोक तुमच्याच नावाने हाक मारायचे, आणि विळीशी असलेले तुमचे सख्य तर म्हणीत जाऊन बसलेले. तेच लोक आता भल्या पहाटे कानटोपी घालून तुमच्यासाठी रांग लावतात, सुटे पैसे मुठीत धरून. चीज झाले म्हणायचे!

एवढ्या मोठ्या पदावर नेमणूक करताना कोणी तुमचा पूर्वानुभव तपासला नाही, याचे मात्र नवल वाटते. घराण्याची सेवा तशी जुनी. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकलायचे, हे खाते तुमचे. मिरजेच्या तंबोऱ्यांना पंढरपूरकडच्या शेतातले थोराड कडू भोपळे लागतात, ते तुमचेच भाऊबंद. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यांचेही नाव झाले. कडू निघाले त्यांना आमच्या पूर्वजांनी गाण्यात घातले, पोटात घातले नाही, एवढे इथे नोंदवून ठेवतो. आणि ती गोष्टीतली म्हातारी? लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन गलेलठ्ठ झाली आणि व्यायाम टाळून भोपळ्यात बसून घरी आली. तो भोपळा तुम्ही की तुमचे तांबडे चुलतभाऊ, या वादात मी पडत नाही. पण आरोग्यखात्यात रुजू होताना हा तपशील तुम्ही अर्जात लिहिला नसणार, हे नक्की.

असो. तुमच्या नव्या कचेरीत मी परवा जाऊन आलो.

सहाचा सुमार. गाडीवर स्टीलच्या टोपांची रांग : आवळा, बीट, गव्हांकुर, कोहळा, कारले, आणि मधोमध तुम्ही, फिकट हिरवे, वर थोडा फेस. रस पहाटेच काढून ठेवलेला. गाडीवाला पळीने ग्लास भरतो, चिमूटभर सैंधव टाकतो, अर्धे लिंबू पिळतो आणि पुदिन्याचे पान ठेवतो. गिऱ्हाईक नाक चिमटीत धरते, डोळे मिटते आणि एका दमात ग्लास रिकामा करते. मग चेहऱ्यावर जे काही उमटते, ते भक्तिभाव म्हणून खपते. एका काकांनी मिशा पुसत शेजारच्याला सांगितले, "आज जरा कडूच होता. म्हणजे माल अस्सल!" शेजाऱ्यांनी मान डोलावली आणि हाफऐवजी फुल्ल मागितला.

दुधीराव, माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे.

आमच्याकडे औषध बहुधा कडू असते. या अनुभवाचे उलटे करून 'कडू ते औषध' असा सिद्धान्त आम्ही केव्हाच पक्का करून टाकला. जीभ नको म्हणाली की शरीराला हवे, आणि ओकारी आली तर गुण येतोय. पाडव्याला कडुनिंबाची चटणी खातो तीही बोटभर, गूळ-जिरे घालून आणि वर्षातून एकदा. पण तेवढ्यावर समाधान मानणारे लोक जुने झाले. हल्लीच्या साधकाला रोज ग्लासभर कडवटपणा लागतो.

आता कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव, तो बाजारात येतानाच ते सांगून येते. तुमचे तसे नाही. तुम्ही मुळात मवाळ. कडू झालात की काहीतरी बिनसले आहे. काकडी, दोडका, पडवळ या तुमच्या सगळ्या भावकीत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. किड्यांनी आणि जनावरांनी तोंड लावू नये म्हणून वेल ती तयार करतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोडसर फळांचे बी राखून हा कडूपणा जवळजवळ घालवला. पण ऊन फार तापले, पाण्याचा ताण पडला किंवा रानवेलीशी संकर झालेले बी पेरले गेले, की तो परत उगवतो. बाहेरून पत्ता लागत नाही. रंग तोच पोपटी, लव तीच. मंडईत आम्ही तुम्हाला नख लावून बघतो, त्याने तुम्ही कोवळे की जून एवढे कळते. कडू की गोड ते जीभच सांगते.

2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा तुमचा कडू रस प्यायल्यावर मृत्यू झाला. माणूस विज्ञान संस्थेतला, अडाणी नव्हे. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती बसवली आणि तिचे निष्कर्ष 2012 मध्ये परिषदेच्या नियतकालिकात छापून आले. कडू दुधीचा रस पोटात गेला की मुरडा, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे रक्ताची उलटी होते, रक्तदाब धाडकन उतरतो. यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही, लक्षणे बघून सलाइन आणि उपचार करायचे, इतकेच. समितीने सल्ला दिला तो असा : रस काढण्यापूर्वी छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फळ टाकून द्या. कडू रस पिऊ नका. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, बेचैनी, काहीही वाटले तर तडक रुग्णालय गाठा.

यातले पहिले कलम वाचून माझी आजी हसली असती. दुधी चिरायला घेतला की ती आधी देठाकडची पातळ चकती काढायची आणि पुढच्या दातांनी टोक तोडून जिभेवर ठेवायची. ठीक लागला की विळी पुढे सरकायची. नाही लागला की तोंड वाकडे करून चकती थुंकायची आणि अख्खा दुधी कचऱ्यात, पैसे गेले म्हणून हळहळ नाही. काकडीचेही तेच. या सगळ्याला तिने कधी 'चाचणी' म्हटले नाही. पण ज्या खाद्यपदार्थाला स्वयंपाकघरातून यावे लागते, त्याला एका जिभेच्या नाक्यावरून जावे लागते, ही आमच्या घरोघरीची पद्धत होती. गाडीवरच्या टोपात वीस दुधी एकत्र पिळले जातात. त्यांतला एक कडू निघाला तर तो कोणाच्या जिभेवर कळायचा? वर कोणी 'मिक्स' मागितले की कारल्याच्या आड तुमचा कडूपणा दडतो. आणि कळलाच, तर काकांचा सिद्धान्त आहेच.

शिजवले की भागते, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. ही द्रव्ये उकळून जात नाहीत. 2015 साली जर्मनीत एका वृद्धाचा घरच्या बागेतल्या कडू झुकिनीचा रस्सा खाऊन मृत्यू झाला होता, आणि झुकिनी तुमच्याच भावकीतली. म्हणून आजी चकती आधी चाखायची, फोडणी नंतर.

आता तुमच्या कर्तबगारीकडे येतो. तुमच्या नावावर हृदयाच्या नसा मोकळ्या करण्याचे बिरुद लागले आहे. लोकांची समजूत अशी, की धमनीतला मेद म्हणजे मोरीत अडकलेला बोळा. वरून काहीतरी जहाल ओतले की खळकन वाहून जाणार. तो मेद धमनीच्या अस्तराच्या आत, भिंतीतच साचत असतो, वर्षानुवर्षे. रस जातो पोटात आणि पचतो. त्याची नि त्या मेदाची गाठही पडत नाही. पण काका रस सुरू झाल्यापासून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, 'शरीराला सवय नको' म्हणून. दुधीराव, तुमच्या कडूपणापेक्षा मला या गोळीची धास्ती जास्त वाटते. कडू दुधी क्वचित निघतो, सोडलेली गोळी घरोघरी सापडते.

तुम्ही निरुपयोगी आहात असे मी कुठे म्हणतोय? तुमच्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. पोटाला हलके, उष्मांक नगण्य, उन्हाळ्यात तर तुमच्यासारखे तुम्हीच. हरभऱ्याची डाळ भिजवून केलेली तुमची भाजी, जिऱ्याची फोडणी, वर ओले खोबरे. किसून घातलेले थालीपीठ. तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतलेल्या सालीची चटणी. सालसुद्धा फुकट जात नव्हती. रसवाला मात्र फडक्यातून तुम्हाला गाळतो, पाणी विकतो आणि चोथा बादलीत टाकतो. तंतू त्या बादलीतच राहतात. गिऱ्हाइकाला सांगायला हवे, की बाबा रे, पैसे देऊन तू पाणी घेतलेस आणि भाजी मागे ठेवलीस.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात भाज्या 400 ग्रॅम आणि फळे 100 ग्रॅम असावीत, असे त्यात आहे. आमच्या ताटात भाजी किती असते? लोणच्याला सोबत म्हणून वाढल्यासारखी, चमचाभर. पोळ्या चार, भात दोनदा. रात्री लग्नात जिलबीचा आग्रह मोडवत नाही, म्हणून सकाळी तुमचा ग्लास. पूर्वी पापाला गोमूत्र आणि दक्षिणा होती, आता तुम्ही आहात.

चालण्याचेही तसेच. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीने चालावे, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल इतपत, आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारे काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या गाडीपाशी मी पाहिले ते असे : बागेला एक फेरी, मग रस, मग बाकावर पाऊण तास राजकारण. जे तेवढेही येत नाहीत त्यांच्या दारात तुम्ही बाटलीतून, ॲपवरून, स्कूटरवर बसून जाता. तुमची डिलिव्हरी करणाऱ्या पोराचे पाय मात्र ठणठणीत आहेत. चार जिने तोच चढतो.

गुळवेलीला विचारा, तिचीही अशीच बढती झाली होती. कोविडच्या काळात जो तो काढा उकळत होता. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही, वाद झाला. कोणाचे किती खरे ते तज्ज्ञ बघतील. पण 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य तेव्हापासून तरी जपून वापरायला हवे होते. धोतराही नैसर्गिकच आहे.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. घसा धरला की कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात, बरे वाटते. आणि घरगुती उपायांचा खरा राजा कोण असेल तर मीठ-साखरेचे पाणी. 1971 साली बांगलादेश युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमध्ये बनगावला, कॉलरा पेटला. सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, साखर, सोडा यांचे पाणी कालवून ते नातेवाइकांच्या हाताने रुग्णांना पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. जगभर कोट्यवधी पोरे त्या पाण्याने वाचली. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला. आजही लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, एवढे कोणत्याही घरात होते. पण बागेबाहेर त्याची गाडी लागत नाही. कारण ते कडू नाही, महाग नाही आणि प्यायल्यावर शेजाऱ्याला सांगण्यासारखे त्यात काही नाही.

तेव्हा दुधीराव, विनंती आहे. बढती नम्रपणे नाकारा. मंडईत परत या, पिशवीतून आमच्या ओट्यावर या, विळीखाली जा. पोरे नाके मुरडतील, मुरडू देत. थालीपीठात तुम्ही आहात हे त्यांना सांगायची गरज नसते. काकांना मी समजावतो, तुम्ही फक्त तुमच्या नावावरचे ते हृदयाचे बिरुद उतरवून ठेवा.

कळावे, लोभ आहेच. तो ताटात वाढावा, ही विनंती.

आपला,
दुधी-चणाडाळीचे एक जुने गिऱ्हाईक

ता. क. : हे पत्र तुमच्याबरोबर काकाही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. काका, चाखलेला तुकडा कडू लागला तर गिळायचा नाही, थुंकायचा. रक्तदाबाची गोळी रोजच्या रोज. आणि कडू रस चुकून पोटात गेलाच आणि उलटी झाली, तर 'मळ बाहेर पडतोय' म्हणत घरी थांबू नका, रिक्षा करा आणि दवाखान्यात जाऊन काय प्यायलात ते आधी सांगा.