उद्याचे मिस्त्री

सुताराने कबूल केलेली तारीख आणि वस्तू घरी येण्याची तारीख यांत जे अंतर पडतं, त्याला आपण सरसकट आळस म्हणतो. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात या अंतराचे मानकरी म्हणजे उद्याचे मिस्त्री. कानावर पेन्सिल, तोंडात सुपारी, आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याने काही विचारायच्या आत, ‘मालक, उद्या या ना!’ हा उद्या गावाने कधीच खरा मानलेला नाही. माझं म्हणणं असं की निदान एका कामापुरते तरी मिस्त्री निर्दोष आहेत, आणि ते काम म्हणजे सुरकुतलेलं व्हिनियर सपाट करणं.

व्हिनियर म्हणजे लाकडाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा काप. सरळ रेषांच्या सागाचा काप बहुधा गुमान पडून राहतो. पण गिऱ्हाइकाला हवी असते नक्षी, आणि नक्षी असते झाडाच्या गाठीत नाहीतर फांदीच्या बेचक्यात, जिथे तंतू वाटेल तिकडे वळलेले असतात. वाळताना लाकूड तंतूंच्या लांबीत जवळपास आटत नाही, आडवं मात्र आटतं; त्यातही वलयांच्या अंगाने सुमारे दुप्पट. त्यामुळे अशा कापाचा प्रत्येक कोपरा आपापल्या दिशेला ओढतो आणि शीट उन्हात विसरलेल्या पापडासारखी होते. त्यात मराठवाड्यातला मे महिना. दुखणं पाण्याचं, म्हणून औषधही पाण्याचंच. मिस्त्री पाण्यात थोडं ग्लिसरीन आणि थोडं स्पिरिट घालून दोन्ही बाजूंनी फवारतात. स्पिरिटमुळे पाणी चटकन मुरतं आणि ग्लिसरीन ओल धरून ठेवतं, म्हणून तंतू नरम राहतात. मग कोरे कागद, वर-खाली सपाट फळ्या आणि त्यावर वजन. काही तासांनी ओले कागद काढून कोरडे घालायचे आणि पुन्हा दाबायचं. पुन्हा तेच, शीट सुकेपर्यंत. कागद कोरेच लागतात. रद्दी वापरली तर शाई उतरते आणि शोकेसच्या दारावर परभणी जिल्ह्याच्या बातम्या उलट्या अक्षरांत वाचाव्या लागतात. या सगळ्यात दोन-तीन दिवस सहज जातात, आणि त्या दिवसांत मिस्त्रींनी करण्यासारखं फारसं काही नसतं. सुपारी तेवढी असते.

यावर दुकानाच्या पायरीवर बसणारे जाणते लोक विचारतात, ‘इस्त्री काहून फिरवत नाही?’ कोरड्या, खडखडीत शीटवर गरम इस्त्री फिरवली तर उरलीसुरली ओलही उडते आणि उंचवटा सपाट व्हायच्या ऐवजी चिरतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘गोंद लावा अन् शिकंज्यात आवळा.’ आवळलं की सुरकुतीची घडी पडते. जिथे घडी पडत नाही तिथे पोकळी राहते आणि पुढे फुगा येतो. तो ब्लेडने चिरून आत गोंद भरावा लागतो. पॉलिश पेपरने उंचवटा घासून काढू म्हणावं, तर अर्ध्या मिलिमीटरात घासायला आहेच काय? दोन हात जास्त फिरले की खालचा प्लाय दिसतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: बाजारात प्लायवर चिकटवलेली चार मिलिमीटरची तयार शीट मिळते, ती का आणत नाही? सरळसोट दारासाठी ती आणावीच. गोलाईवर ती बसत नाही, आणि टीव्ही युनिटला गोलाई हवी हा हट्ट मिस्त्रींचा नसतो. खरं तर चारठाणेकरांनी घाईची भाषा करूच नये. गावात यादवकाळातली देवळं उभी आहेत. ती ठरल्या दिवशी पुरी झाली होती का, हे लांबून बघायला येणारा एकही पाहुणा विचारत नाही. दगडाला सुरकुत्या पडत नाहीत, हे मान्य.

तरी मिस्त्रींची वकिली एका हद्दीपर्यंतच करता येते. सपाट झालेली शीट कायम सपाट राहायला बांधलेली नसते. वजन काढून ती तशीच ठेवली की कोरड्या हवेत पुन्हा वळते. सुकली की लगेच चिकटवायला हवी. नेमका त्याच दिवशी मिस्त्रींच्या मेहुण्याचा साखरपुडा निघतो. म्हणजे पहिले तीन उद्या शास्त्राचे आणि चौथा मिस्त्रींचा, पण ऐकताना चारही सारखेच. साध्या पाटासाठी किंवा स्टुलासाठीही ते तोच उद्या वापरतात, जिथे भिजवायला काहीच नसतं, त्याचाही बचाव माझ्याकडे नाही. गिऱ्हाइकाने फसू नये म्हणून एक खूण सांगता येईल: फळीवर वजन आहे का, बघावं. पण गिऱ्हाईक बघून थांबत नाही. मिस्त्री आत चहा सांगायला गेले की खरंच खाली काही आहे का म्हणून वरची फळी उचलतं, ओली शीट हातात घेऊन उजेडात धरतं, परत ठेवताना एक कोपरा दुमडतं. मिस्त्री बाहेर येतात, कोपऱ्याकडे बघतात, आणि या वेळी अगदी खऱ्या दुःखाने म्हणतात, ‘मालक, आता परवा या.’