मागे उभे राहणारे

स्ट्रीट फायटर टू या गेममध्ये धालसिम नावाचा एक भारतीय योगी आहे. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून जाळ, आणि हातपाय असे लांबणारे की समोरचा अर्धा पडदा पलीकडे असला तरी याचा ठोसा त्याच्या नाकाशी पोचतो. एवढं सगळं करून हा योगी संसारी आहे, आणि त्याच्या मुलाचं नाव दत्ता आहे. ही बातमी मला फार उशिरा लागली. तेव्हापासून ती माझ्या मनात, दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पण चुकून उघडून वाचलेलं पत्र पडून राहावं तशी पडून आहे. ओसाकामध्ये, कॅपकॉम कंपनीच्या कचेरीत, कोणाला तरी वाटलं असणार की जगभर मारामारी करत फिरणाऱ्या या माणसाची घरी वाट बघणारं एक पोर हवं, आणि पोराला नाव हवं. आमच्या मंद्रूपहून भीमेच्या काठाकाठानं खाली गेलं की गाणगापूर येतं. त्या वाटेवर कुठंही उभं राहून ‘दत्ता’ अशी हाक मारली तर दोघेचौघे तरी वळून बघतील, आणि एखादा ‘काय बे?’ असंही विचारेल. ओसाकात वळून बघणारा तो एकच, पडद्यातला.

लहानपणी हे गेम माणसं करतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. लाकडी खोक्याचं ते यंत्र टेम्पोत आडवं पडून सोलापूरहून विजापूर रस्त्यानं आलं. मग ते सोलापुरात झालं असणार, हा आमचा सरळ हिशेब. तिथं चादरी होतात, टॉवेल होतात, तसे गेमही होत असतील. केशकर्तनालयाच्या शेजारच्या खोलीत, पडद्याआड, अशी दोन यंत्रं होती. रुपयाला एक चान्स. मालक मागचं झाकण उघडून आतली एक पट्टी बोटानं दाबायचा की पडद्यावर आपली लाईफ उगवायची. त्या बोटात काहीतरी सिद्धी आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

खेळणारा एक असे आणि बाकीचे सगळे मागे उभे. मागे उभं राहायला पैसे पडत नसत, त्यामुळे गावातली बहुतेक गुणवत्ता मागेच उभी असे. अर्धे सल्ले मराठीत, अर्धे कानडीत. उडी कधी मारायची यावर दोन्ही भाषांत मतभेद. मीही त्यातलाच. मागे उभं राहून मी जितके राक्षस मारले तितके दांडा हातात असताना कधीच मारले नाहीत. दांडा हातात आला की माझ्या अंगात एक प्रकारचा सुसंस्कृतपणा शिरायचा आणि समोरचा गुंड तेवढ्यात दोन ठोसे मारून मोकळा व्हायचा.

पुढे केव्हातरी वाचायला लागलो तेव्हा कळलं की ज्यांनी हे गेम केले तेही एक प्रकारचे मागे उभे राहणारेच होते. सुरुवातीला तर मागे उभं राहायलाही कोणी नव्हतं. 1978 साली टाइटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स केला तो जवळजवळ एकट्यानं. गेम लिहायचा तर त्यासाठी लागणारी यंत्रसामग्रीही आधी स्वतःच जुळवली. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी. एवढ्या सगळ्यांना हलवताना बिचाऱ्या प्रोसेसरची दमछाक व्हायची, म्हणून ते संथ चालायचे. जसजसे मरतील तसतसा भार हलका होऊन उरलेले जोरात पळू लागायचे, आणि शेवटचा एकटा तर विंचू चावल्यासारखा धावायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. जगभरच्या पोरांची छाती धडधडली ती यंत्राच्या अशक्तपणामुळे, ही गोष्ट मला अजूनही फार आवडते.

मग 1980 मध्ये नाम्कोचे तोरु इवातानी आणि त्यांची जेमतेम नऊदहा जणांची मंडळी. गेमच्या दुकानांत नुसते पुरुष गर्दी करतात, बायकांनाही यावंसं वाटलं पाहिजे, म्हणून त्यांनी मारामारी सोडून खाण्यावर गेम केला, तो पॅकमॅन. त्यातली चार भुतं वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. तांबडं थेट पाठीस लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं, निळ्याचा काही नेम नाही आणि नारिंगी जवळ आलं की त्याला कसलीशी भीती वाटून ते कोपऱ्यात निघून जातं. नारिंगी भुताबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे.

ओसाकाच्या कॅपकॉममध्ये योशिकी ओकामोतो नावाचे गृहस्थ होते. ते आधी कोनामीत होते. तिथं त्यांना गाडी चालवण्याचा गेम कर म्हणून सांगितलं, तर त्यांनी गुपचूप विमानांचा केला. 1982 चा तो टाइम पायलट जोरात चालला आणि मग वरिष्ठांनी ती कल्पना आपलीच असल्याचं सांगितलं, ही गोष्ट ओकामोतो स्वतःच सांगतात. पुढे पगारवाढ मागितली आणि नोकरी गेली. कचेऱ्या मंद्रूपच्या असोत की जपानच्या, फायलींचा वास एकच.

याच कॅपकॉममध्ये अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा ही जोडी जमली. जपानी गेमवाल्यांची एक पद्धत असे. गेम पुरा होण्याआधीच तो एखाद्या दुकानात नेऊन ठेवायचा आणि करणाऱ्यांनी गुमान मागे उभं राहून अनोळखी पोरं कशी खेळतात ते बघायचं. कुठं पोर चिडतं, कुठं कंटाळतं, कुठं खिशात पुन्हा हात घालतं. नाण्यावर चालणाऱ्या गेमचं सगळं शास्त्र त्या खिशात जाणाऱ्या हातात होतं. फार लवकर हरला तर पोर परत येत नाही, फार वेळ टिकला तर दुकानदार यंत्र परत करतो. म्हणजे अगदी योग्य वेळी, मनाला लागेल पण मन मोडणार नाही अशा बेतानं, पोराला हरवायचं. इतक्या नाजूकपणे मला नंतरच्या आयुष्यात कोणी हरवलेलं नाही. या जोडीचा एक गेम आधी स्ट्रीट फायटर ’89 या नावानं दाखवला गेला. बघणारे म्हणाले, हा काही स्ट्रीट फायटर वाटत नाही. नाव बदललं, आणि तो फायनल फाइट झाला.

खरा स्ट्रीट फायटर टू 1991 साली आला, तीसचाळीस माणसांच्या हातून. त्यातलं बरंचसं संगीत योको शिमोमुरा या तरुण मुलीचं. ठोशाला ठोसा जोडून मारायची जी कॉम्बोची कला त्यात आहे, ती मुळात नजरचूक होती. मधल्या बोनस स्टेजमध्ये मोटार फोडायची असते. ती फुटते कशी हे तपासताना नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं की एका ठोशात दुसरा घुसवता येतो. काढून टाकणं शक्य होतं. त्यांनी ती चूक ठेवली. जगातले सगळे मारामारीचे गेम पुढे त्या चुकीवर उभे राहिले.

मंद्रूपमध्ये मात्र राज्य होतं ते मुस्तफाचं. यंत्रावर काही का लिहिलेलं असेना, गेमचं नाव मुस्तफाच. पिवळ्या टोपीचा, उडून लाथ मारणारा. कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मूळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकमधला. चारातला एक गडी निवडायचा, तिघांनी एकदम खेळायचं. बाकीचे तीन म्हणजे जॅक, हॅना आणि मेस. त्यांना आमच्याकडे फारसं स्थळ आलं नाही. हा गेम घरच्या यंत्रांवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणजे तो जन्मभर दुकानातच राहिला, आमच्यासारख्या उभ्या माणसांसाठी.

करणाऱ्यांची नावं गेमच्या अगदी शेवटी येतात, म्हणजे ती बघायची तर आधी सगळे राक्षस मारायला हवेत. आमच्याकडे तेरामैलाहून येणारा एक थोरला पोरगा एका रुपयात शेवटपर्यंत जायचा. त्याचा शेवटचा ठोसा बसला की मालक उठायचा आणि सरळ बटन बंद करून पुन्हा चालू करायचा. नावं बघायचे कोण पैसे देणार? मालक उठला नाही तर लोडशेडिंग ते काम करी. पुढे पुढे मालक त्या पोराला खेळू नये म्हणून चहा पाजू लागला. आणि गंमत अशी की ती नावं खरी नव्हतीच. निशितानी तिथं ‘निन’ होते, यासुदा ‘अकिमान’. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून ही टोपणनावं, असं सांगतात. ओसाकात झाकलेलं नाव मंद्रूपमध्ये पुन्हा एकदा झाकलं जायचं, तेही चाळीस वॉटच्या बल्बखाली.

झाकाझाकी नावांपुरतीच नव्हती. गेमच्या नकला करणाऱ्यांना कंटाळून कॅपकॉमनं यंत्रातल्या आपल्या 1993 पासूनच्या सीपीएस-2 बोर्डांत एक बॅटरी बसवली. तिच्या जोरावर गेमचं कुलूप उघडं राही. बॅटरी मेली की बोर्डही मेला. गेमवाले त्याला आत्मघातकी बॅटरी म्हणतात. इतका बंदोबस्त करून अस्सल बोर्ड एकेक करून डोळे मिटत गेले आणि गल्लीबोळांतले नकली बोर्ड धुळीत, उकाड्यात, कमीजास्त व्होल्टेजमध्ये खुशाल चालत राहिले. निन आणि अकिमानच्या हाती त्यातला एक पैसाही गेला नसेल. याबद्दल मला वाईट वाटतं, पण वाईट वाटून घेताना कानात मुस्तफाचं संगीत वाजत असतं, त्यामुळे ते पुरेसं वाटत नाही.

परवा पुतण्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींचा राजी हा गेम खेळत होता. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, मध्ये सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. 2017 साली त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी 2020 मध्ये गेम आला. शेवट झाला आणि नावं वर सरकू लागली, खरी, पूर्ण, आडनावांसकट. पुतण्याचा अंगठा बटनाकडे गेला.

‘थांब की जरा, वाचू दे.’

‘तुमच्या ओळखीचे आहेत का, काका?’

‘नाहीत. तरी थांब.’

तो थांबला. म्हणजे कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून मोबाईल बघत बसला.