बारसं दोनदा, मूल एकच: एका संस्थाध्यक्षांस खुलं पत्र

मा. अध्यक्ष महोदय,



आधी अभिनंदन स्वीकारा. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर पेंटरने 'बी.एम.एस.' ही अक्षरं पांढऱ्या रंगाने झाकली आणि त्यावर 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' असं रंगवलं. रंग एकच हात दिलेला होता, त्यामुळे ऊन तिरपं पडलं की जुनी अक्षरंही दिसायची. विषय तेच राहिले, वर्ग तोच राहिला, पंखेही तेच राहिले. दोनशे रुपयांच्या रंगात आपण एक अख्खी नियामक यंत्रणा फाटकाबाहेर उभी केलीत. व्यवस्थापन शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा परतावा मिळवून देणारी केस स्टडी माझ्या वाचनात नाही.

वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्याला तो नको आहे, आपल्याला सगळं पाठ आहे. मुंबई विद्यापीठाने १९९९ च्या सुमारास बी.एम.एस. सुरू केलं. पुण्याकडे त्याचा चुलतभाऊ बी.बी.ए. बारावीनंतर व्यवस्थापनाची पहिली पायरी म्हणून घरोघरची मुलं या अभ्यासक्रमांकडे वळली. इंजिनिअरिंग आणि एम.बी.ए.वर देखरेख करणाऱ्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. हेही आपल्या अखत्यारीत घेतले. म्हणजे परिषदेची मान्यता आली, शिक्षकांचे आणि जागेचे निकष आले, राज्याची सीईटी आली, प्रवेशाची केंद्रीय फेरी आली. आणि उद्या कुणी फीचा हिशेब मागितला तर, ही धास्तीही आली. बी.कॉम. मात्र या सगळ्यातून बाहेर. मग काय, राज्यभर बारशांचा हंगाम लागला. विद्यापीठांनीही पाळण्याची दोरी ओढली. आपण एकटे नव्हतात हे मान्य करतो, पण आपल्याइतक्या सफाईने ते फार थोड्यांनी केलं.

सीईटीच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. दीड तासात शंभर प्रश्न, त्यात इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणकाची ओळख. यातून कुणाला धंदा जमेल हे कळत असतं, तर मार्केट यार्डातले निम्मे व्यापारी नापास झाले असते. पहिल्याच वर्षी परीक्षेला बसलेली मुलं जागांपेक्षा इतकी कमी निघाली की सरकारला दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. बऱ्याच पालकांना अशी काही परीक्षा आहे हेच निकाल लागल्यावर समजलं. तेव्हा 'सरकारी गोंधळातून गरीब मुलांची सुटका केली', हे आपलं संस्थादिनाचं भाषण अगदीच खोटं नव्हतं. टाळ्या मीही वाजवल्या.

फक्त त्या भाषणात एक गोष्ट राहून गेली. तीही सांगून टाकतो.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरणार. आसनगावहून कसारा लोकलने येणारी एक मुलगी त्या निर्णयाची झेरॉक्स घेऊन आपल्या ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. वडील भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला. मी मागे मस्टरवर सही करायला थांबलो होतो. कानावर पडलं ते असं.

"अगं, हे प्रोफेशनलला आहे. आपलं बी.कॉम. आहे."

"मग सर, फी बी.कॉम.ची का नाही?"

"हे सेल्फ फायनान्स आहे. चल, पुढे कोण?"

साहेब, आपल्या संस्थेत मी ऐकलेला व्यवस्थापनावरचा सर्वांत नेमका प्रश्न हा होता, आणि तो खिडकीतून परत गेला. शेजारच्या इमारतीत आपल्याच अनुदानित बी.कॉम.ची मुलं काही हजारांत वर्ष काढतात. या मुलीच्या पावतीवर त्याच्या कितीतरी पट आकडा होता, शिवाय 'विकास निधी' आणि 'इतर' असे दोन रकाने वेगळे. नियम विचारले की आपण बी.कॉम., आणि पैसे घ्यायची वेळ आली की आपण मॅनेजमेंट. आम्ही वर्गात शिकवतो की मार्केटिंगचे चार पी कोटलरने सांगितले. खरं तर ते १९६० मध्ये जेरोम मॅकार्थीने मांडले, पण गाइडमध्ये कोटलर छापलंय म्हणून मुलंही कोटलरच लिहितात. त्यातला प्रॉडक्ट हा पी अजिबात न हलवता प्राइस वर कशी न्यायची, हे दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

आता थोडं आम्हा शिकवणाऱ्यांविषयी. आपल्या माहितीपुस्तिकेत आमचे फोटो 'अनुभवी व तज्ज्ञ प्राध्यापकवर्ग' या मथळ्याखाली आहेत. त्यातले जवळजवळ सगळे तासिका तत्त्वावर. तासाला अडीचशे रुपये. उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी, दिवाळीची बिनपगारी, आणि पेपर तपासणी म्हणजे 'संस्थेप्रती आपुलकी'. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला पंधराशे रुपयांचा दर सुचवला होता. ते परिपत्रक मी आपल्या टेबलावर ठेवलं, तर आपण त्यावर चहाचा कप ठेवलात. त्याच दुपारी मला पहिल्या वर्षाला आँरी फेयोल शिकवायचा होता. फ्रान्समधली खाण कंपनी बुडत असताना सावरणारा हा इंजिनिअर. १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं लिहिली, त्यातलं एक रास्त मोबदल्याचं आणि दुसरं नोकरीच्या स्थैर्याचं. बाकीची बारा मी भरभर उरकली आणि त्या दोनांवर रेंगाळलो. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, हे परीक्षेला येतं का?" येतं, बाळा. परीक्षेलाच येतं.

नवं शैक्षणिक धोरण आल्यावर आपला उत्साह आणखी वाढला. मुलाने पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. कागदावर योजना चांगली आहे. घरच्या अडचणीने शिक्षण सुटलेल्या मुलाच्या हाती काहीतरी राहतं, हे मला मनापासून पटतं. पण याच धोरणातलं 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणजे मुलांनी आवडीचा विषय निवडायचा. आपण यादी लावलीत, त्यात विषय एकच होता. खाली टीप: 'विद्यार्थ्यांनी आपली निवड शुक्रवारपर्यंत कळवावी.' शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी कळवली.

आणि इंडस्ट्रियल व्हिजिट! जगभरच्या बिझनेस स्कूलना मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी काढली. आपल्या कॉलेजातही ती दरवर्षी स्लाइडवर दाखवली जाते, टाळ्यांच्या इफेक्टसकट. सकाळी स्टेशनाबाहेर डब्यांची वर्गवारी कशी होते, झाकणावरच्या रंगीत खुणा कोण वाचतो, एक माणूस आला नाही तर त्याची लाइन कोण उचलतो, हे रेल्वेच्या पासावर बघता येतं. पण तिथे आपण मुलांना कधी नेलं नाहीत. नेलंत मनालीला. पाच रात्री, सहा दिवस, साइट सीईंगसह. वाटेत एका सफरचंदाच्या रसाच्या कारखान्यात पाऊण तास, त्यातला अर्धा तास फाटकावर ग्रुप फोटोत गेला. ज्यांना हे पैसे भरता आले नाहीत, त्यांनी 'पर्यायी असाइनमेंट' म्हणून त्याच कारखान्यावर दहा पानं लिहायची होती. आसनगावच्या त्या मुलीने लिहिली. रसाच्या बाटलीच्या लेबलवरून घटक, किंमत आणि पत्ता उतरवून घेतला आणि प्रवासखर्च मिळवून ती बाटली मुंबईत पोचेपर्यंत किती पडत असेल याचा हिशेब मांडला. गेलेल्यांपैकी हे कुणी केलं नव्हतं. तिला दहापैकी पाच गुण मिळाले, कारण फोटो जोडलेले नव्हते.

ब्लॅक बुकबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण आपल्या मुलांच्या पदवीचा तोच कळस मानला जातो. शेवटच्या सत्रातला प्रकल्प. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे काउंटरवर जाऊन फक्त 'मार्केटिंग की एचआर?' एवढं सांगायचं, बाकी दुकानदार बघतो. संध्याकाळपर्यंत 'अ स्टडी ऑन कन्झ्युमर सॅटिस्फॅक्शन विथ स्पेशल रेफरन्स टू ठाणे' तयार. एका पोराच्या ब्लॅक बुकात मुखपृष्ठावर त्याचं नाव, आभाराच्या पानावर दुसऱ्याचं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिसऱ्याच कॉलेजचं. पाय चार्टची बेरीज एकशे चार टक्के. नमुना नेहमी शंभर जणांचा, आणि शंभर जणांचे फॉर्म एकाच निळ्या पेनने, एकाच कॅन्टीनच्या टेबलावर भरलेले. बहिःस्थ परीक्षक विचारतात, "सॅम्पल साइझ?" उत्तर येतं, "हंड्रेड, सर." "व्हेरी गुड." खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी जेवण लागलेलं असतं.

याच वर्गातला एक मुलगा रात्री एका दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपनीच्या गोदामात पॅकिंग करायचा. डिलिव्हरीची पोरं दोन-तीन महिन्यांत काम का सोडतात, हा त्याला प्रकल्पाचा विषय हवा होता. माणसं समोर होती, आकडे रोज हाताखालून जात होते, दुखणंही त्याचं स्वतःचं. को-ऑर्डिनेटरने विषय नाकारला. कारण काय, तर 'यावर रेडी मटेरियल मिळणार नाही.' शेवटी त्याने कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेवर ब्लॅक बुक विकत आणलं. त्यात मॅस्लोचा पिरॅमिड रंगीत छापलेला होता. मॅस्लोने १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड मांडली, पण पिरॅमिड त्याने कधी काढलाच नाही, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. पण काळ्या रेक्झिनच्या आत एवढं खोलात कोण जातो?

साहेब, आपला युक्तिवाद मला ठाऊक आहे. 'या कोर्सला अनुदान नाही, इमारतीचं कर्ज आहे, निकष लावले तर कॉलेज बंद करावं लागेल, मग ही पोरं जाणार कुठे?' यात तथ्य नसतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं, सरळ तक्रार केली असती. कसाऱ्यापासून कर्जतपर्यंतच्या पोरांना दारात कॉलेज हवं आहे, आणि ते सरकारने काढलेलं नाही, आपण काढलंत. पण कर्ज आहे म्हणून फी मॅनेजमेंटची, आणि कर्ज आहे म्हणून शिक्षक तासावर, या दोन ओळींच्या मधला पैसा ताळेबंदात कुठे दिसतो, हे एकदा आपल्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सोडवायला द्या. फायनान्शियल अकाउंटिंग त्यांना आहे. आणि बी.एम.एस.ची पदवी घेऊन तरी काय वेगळं मिळतं असं आपण विचाराल, तर तेही खरं: एम.बी.ए.च्या प्रवेशाला कुठलीही पदवी आणि पन्नास टक्के पुरतात, आणि तिथे पहिल्या सत्रात पुन्हा फेयोलच भेटतो. तीन वर्षं आणि एवढी फी यांचा मोबदला मग शिकवण्यातच असायला हवा होता. तेवढ्यातच आपण काटकसर केलीत.

माझा तास आपण जूनपासून दुसऱ्या कुणाला दिलात, दोनशे रुपयांत. बाजाराचा नियम आहे, तक्रार नाही.

मागणी एवढीच. फाटकावर दुसरा हात मारायला पेंटर येईल, तेव्हा नावाखाली तीन ओळी लिहून घ्या: परिषदेची मान्यता आहे की नाही, पूर्णवेळ शिक्षक किती, आणि मुलींची फीमाफी इथे मिळते की नाही.

कळावे, लोभ आहेच, वाढवू नये.

आपला,
एक माजी तासिका-शिक्षक

ता.क. पालकांसाठी: पावती फाडण्याआधी एआयसीटीईच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव शोधा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी तिथे राज्य निवडून पाहता येते, पैसे लागत नाहीत. नाव सापडलं नाही, तर ऑफिसच्या खिडकीशी जाऊन त्या मुलीचा प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर लेखी मागा.