आणीबाणीबाईसाहेबांस अनावृत पत्र

श्रीमंत अखंडितलक्ष्मीअलंकृत, सकलाधिकारमंडित आणीबाणीबाईसाहेब यांचे सेवेशी, कायदा पाळून दमलेल्या रयतेपैकी एकाचे कृतानेक साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

आपले स्मरण या देशात जे करतात ते बहुधा 1975 च्या जून महिन्यापासून आरंभ करतात, आणि त्यात आपल्या पूर्वकर्तृत्वावर केवढा अन्याय होतो याची त्यांना जाणीव नसते. आपले प्रथम आगमन त्यापूर्वी तेरा वर्षे, चिनी फौजा हिमालय उतरत असताना, 26 ऑक्टोबर 1962 रोजी झाले. महिन्याभरात युद्ध थांबले, फौजा माघारी गेल्या, पण आपण मात्र, लग्नाला म्हणून आलेल्या आत्याबाईंनी बारसे उरकूनही हलू नये, तशा जानेवारी 1968 पर्यंत राहिलात. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धानिमित्त पुन्हा आलात, युद्ध पंधरवड्याच्या आत संपले, आणि आपला मुक्काम मार्च 1977 पर्यंत पडला. 1975 ची जी ख्याती, तो त्या चालू मुक्कामातच काढलेला दुसरा जाहीरनामा होय. साडेचौदा वर्षांपैकी आपल्याविना गेली ती जेमतेम चार.

पहिल्या मुक्कामात ज्या भारत संरक्षण नियमांन्वये कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात गेले, त्याच नियमांत एक नवे प्रकरण घालून आपण जानेवारी 1963 मध्ये रयतेच्या गळ्यास हात घातला, म्हणजे गळ्यातील सोन्यास. यापुढे नवा दागिना चौदा कॅरटहून अधिक कसाचा घडवू नये, दागिन्यांखेरीज जे सोने घरात असेल ते लेखी जाहीर करावे, असा हुकूम अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी काढला. चोवीसात चौदा म्हणजे सोळा आण्यांत नऊ आणे चार पै; एवढ्या कसाच्या मंगळसूत्राच्या वाट्या मुलीला घालून तिला सासरी पाठवावे, आणि ते देशभक्तीचे कृत्य समजावे, अशी अपेक्षा होती. मोरारजीभाईंची सचोटी निर्विवाद होती, आणि माझ्या मते अनर्थाचे मूळ तेथेच होते, कारण लबाड मंत्री रयतेला थोडी मोकळीक ठेवतो, सचोटीचा मंत्री ठेवत नाही. मुंबई राज्यात दारूबंदीचा अंमल कसोशीने बजावताना हातभट्टी हा धंदा किती बरकतीस आला हे त्यांनी स्वतः पाहिले होते. तरी सोन्याच्या बाबतीत मनुष्यस्वभाव निराळा निघेल असा त्यांचा विश्वास होता.

हेतू शुद्ध होता हे मान्य करतो. परकी चलनाची चणचण होती, चोरट्या मार्गाने येणारे सोने ते चलन गिळत होते, आणि मागणीच आटली तर आयातही आटेल असा हिशेब होता. हिशेबात एवढेच धरलेले नव्हते की ज्या बाईच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, पेढीत खाते नाही आणि नवऱ्याच्या मिळकतीवर प्रत्यक्षात अधिकार नाही, तिच्या चार पाटल्या आणि एक मोहनमाळ हाच तिचा विमा, तेच तिचे निवृत्तिवेतन, आणि नवरा गेल्यावर दिराच्या दारी उभे न राहण्याची तीच एक तजवीज. भाऊबंदकीचे दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अर्थशास्त्र कोणत्याही नियोजन मंडळाहून अधिक चांगले समजते. सरकारने साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्णरोखे काढले आणि सोन्याची किंमत बाजारभावाने न देता त्याहून पुष्कळ कमी अशा आंतरराष्ट्रीय भावाने देऊ केली. तेव्हा बायकांनी ते रोखे वाचलेही नाहीत, पाटल्या मात्र हातातून काढून डाळीच्या डब्यात ठेवल्या.

मरण ओढवले ते सोनारांचे. सराफापाशी निदान भांडवल असते. बागेसरीपुढे बसून फुंकणीने मूस तापवणाऱ्या, गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या सोन्यावर घडणावळ घेऊन पोट भरणाऱ्या कारागिरापाशी हातातल्या कसबाखेरीज काही नव्हते, आणि ते कसब चोख सोन्यावर बसलेले होते. चौदा कॅरटचे सोने ताठर, आणि गिऱ्हाईक त्याहून ताठर. गावोगावच्या सोनारआळ्यांतील भट्ट्या विझल्या, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या छापून आल्या, आणि त्यांनी दुसरा धंदा शिकावा म्हणून पुनर्वसनाच्या योजना निघाल्या. त्या मृत्यूंचा आणि चिनी आक्रमणाचा संबंध काय, हे विचारण्याची सोय नव्हती, कारण विचारले तर आपण होताच.

1966 साली चौदा कॅरटची अट मुकाट्याने मागे घेण्यात आली. परवाने, नोंदवह्या, झडत्या आणि जप्त्या मात्र राहिल्या. पुढे जानेवारी 1968 मध्ये आपण निरोप घेतलात, तेव्हा आपल्या नियमांबरोबर हा सारा पसारा आपोआप नाहीसा होणार, ही भीती सरकारला पडली, आणि त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण कायदा नावाचा स्वतंत्र कायदा करून आपल्या अपत्याची कायमची सोय लावण्यात आली. अर्थमंत्री पुन्हा मोरारजीभाईच होते. पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरवली, तरी मूळ कायदा टिकला.

आता जे सांगावयाचे आहे ते नीट ऐकावे. कायद्याने सोने दुर्मिळ केले, दुर्मिळतेने भाव चढला, आणि चढलेल्या भावाने दुबईहून निघणाऱ्या गलबतांना दमणच्या आणि कोकणच्या किनाऱ्याची वाट दाखवली. दहा तोळ्यांच्या बिस्किटांवर नवे धनिक उभे राहिले, हाजी मस्तान यांचे नाव घरोघर झाले, आणि मग, ज्या रोगाचे बी आपणच पेरले त्याच्या निर्मूलनासाठी, आपल्याला अधिक कडक औषधाची गरज भासली. सप्टेंबर 1974 मध्ये मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तस्करांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचा अधिकार घेतला गेला, आणि 16 नोव्हेंबर 1974 रोजी राष्ट्रपतींच्या हुकुमाने त्यांना मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाची पायरी चढण्याचीही बंदी झाली. त्या दिवशी कोणी रडले नाही. तस्करच ते! आम्ही सद्गृहस्थ वर्तमानपत्र घडी करून ठेवते झालो, आणि सरकार शेवटी काही करू लागले म्हणून समाधान पावलो.

सात महिन्यांनी, 27 जून 1975 रोजी, जवळजवळ तोच हुकूम सर्वांना लागू झाला.

नमुना आधीच तयार होता, माप तेवढे बदलावयाचे होते. खिशाचेही तसेच: जाहीरनाम्याआधीच्या वर्षभरापासून महागाई भत्त्याच्या वाढीतील अर्धी रक्कम सक्तीची ठेव म्हणून सरकारजमा होत होती. जाहीरनाम्यानंतर किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणण्यात आला; आणि त्याविरुद्ध संप करावा तर रेल्वे कामगारांचा 1974 च्या मे महिन्यातील संप कसा चिरडला गेला ते सर्वांस ठाऊक होते. खिशाला हात घालणाऱ्यास तोंड दाबावेच लागते, नाहीतर खिसेकापू असा पुकारा होतो. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी ते तोंड उघडले, आणि 1976 साली त्या तुरुंगात गेल्या. आपल्या कारभाराची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या मोजणीप्रमाणे एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे आत गेली, आणि विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांना दाद मागता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी दिला. त्या एकाला, न्यायमूर्ती खन्ना यांना, पुढे सरन्यायाधीशपद मिळाले नाही.

आणि त्या लाखात मोरारजीभाई होते, बाईसाहेब! सोन्यासाठी आपले नियम वापरणारा तो सच्छील वृद्ध सुमारे एकोणीस महिने हरियाणातील नजरकैदेत चरख्यावर सूत कातीत बसला. यात काव्यगत न्याय पाहून जे हसतात त्यांच्यात मी नाही. कारण सुटून पंतप्रधान झाल्यावर 1978 साली त्यांच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा एका रात्रीत वटहुकमाने रद्द केल्या, यावरून तुरुंगवासाने मनुष्य शिकतो या समजुतीवरचा माझा विश्वास कमी झाला. शिकले ते बंगळूरच्या कारागृहात पडलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते असावेत. 1990 साली ते अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, आणि सोनाराने सोने बाळगणे हा गुन्हा उरला नाही.

आपली इतर अपत्ये मात्र सुखरूप आहेत, हे आपणास कळवण्यास आनंद होतो. तस्करांच्या स्थानबद्धतेचा 1974 चा कायदा आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा 1976 चा कायदा आजही दप्तरी जिवंत आहेत. घटनेत 1978 साली दुरुस्ती होऊन आपल्या येण्याच्या वाटेवर काही कडीकुलुपे बसली, पण ज्यांना आपले नाव न घेता आपले काम करता येते त्यांच्यासाठी वाट पूर्वीइतकीच रुंद आहे. सबब अर्जदाराची प्रार्थना एवढीच की, पुनरागमनाचा विचार कधी निश्चित झाल्यास निदान मंत्रिमंडळास अगोदर वर्दी द्यावी. गेल्या खेपेस 25 जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली, आणि मंत्र्यांना ती वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, चहाच्या वेळेस समजली.