जामनगरवर दोन निर्बंध

२०२५ च्या जुलैत गुजरातेतल्या जामनगर भागावर दहा दिवसांच्या अंतरानं दोन निर्बंध लागले. पहिला ब्रुसेल्सहून, दुसरा शिरोळ तालुक्यातल्या नांदणीहून. पहिल्यामागं सत्तावीस देश, त्यांचे मंत्री, वकील आणि दुभाषे होते. दुसऱ्यामागं एक हत्तीण होती.

१८ जुलैला युरोपीय संघानं रशियाविरुद्धच्या निर्बंधांचं अठरावं पॅकेज काढलं. (पॅकेज हा त्यांचाच शब्द. आमच्या कट्ट्यावर आबांनी आधी ‘जेवणखाण धरून का?’ असंच विचारलं.) त्यात वाडीनारचा नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना सापडला, कारण रशियाच्या रोझनेफ्टचा त्यात ४९ टक्क्यांवर हिस्सा. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं हत्तीण मठातच राहावी म्हणून केलेली नांदणी मठाची याचिका फेटाळली आणि महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण त्याच रात्री जामनगरच्या वनतारा या प्राणिकेंद्राकडं रवाना झाली. वनतारा अंबानींचं, जिओही अंबानींचं. झालं, कोल्हापूर जिल्ह्यानं जिओवर निर्बंध लावले. मसुदा समिती नव्हती, परिशिष्टं नव्हती. ‘पोर्ट मारला का, भावा?’ एवढं एकच कलम.

ब्रुसेल्सची रीत वेगळी. तिथं सगळ्यांचं एकमत लागतं, आणि एकमत म्हणजे काय हे भावकीच्या वाटणीला बसलेल्या माणसाला सांगायला नको. स्लोवाकियानं अठरावं पॅकेज कित्येक दिवस अडवून धरलं. त्यांची चूल रशियन गॅसवर. हंगेरीनं २०२२ मध्येच पाइपलाइनमधून येणाऱ्या तेलाला सूट पदरात पाडून घेतली होती. बेल्जियमच्या अँटवर्पात हिऱ्यांचा बाजार, म्हणून रशियन हिरे अकरा पॅकेजं सुखरूप राहिले आणि बाराव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये सापडले. म्हणजे शत्रूचं नेमकं काय बंद करायचं हे ठरवण्याआधी आपलं काय चालू ठेवायचं ते ठरतं. यात हसण्यासारखं काही नाही. उद्या कोल्हापूरनं पांढऱ्या रश्श्यावर बंदीचा ठराव आणला, तर तो बिंदू चौक ओलांडायच्या आत पडेल.

आता दुसरा निर्बंध कसा चालला ते बघा. १९०० वर संदेश पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन शेजारच्या दुकानात जायचं. कामाच्या तीन दिवसांत कंपनी बदलते, नंबर तोच राहतो. किती लोकांनी नंबर हलवले याचा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा, म्हणून मी त्या फंदात पडत नाही. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत मूक पदयात्रा निघाली, सुमारे ४५ किलोमीटर. आपल्याकडं ४५ किलोमीटर चालणं जमतं. मूक राहणं जमलं, हेच जगानं लिहून ठेवायला हवं.

६ ऑगस्टला वनताराचं निवेदन आलं. भावना दुखावल्याबद्दल क्षमा, आणि नांदणी परिसरात हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी. नऊ दिवस! हत्तीण निवेदनाबरोबर परत आली नाही हे खरं. पण रशियाकडून अठरा पॅकेजांत क्षमेचं एक पोस्टकार्डही आलेलं नाही.

कट्ट्यावर यावर बराच अभिमान व्यक्त झाला. ‘ब्रुसेल्सला आपली चार पोरं पाठवा,’ असा ठराव झाला. मी जरा आडवा आलो. म्हटलं, आबा, आपला निर्बंध चालला कारण शेजारच्या दुकानात तीच वस्तू, जवळजवळ त्याच भावात मिळत होती. युरोपला गॅसचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय कुठाय? आबा म्हणाले, ‘तू कुणाच्या बाजूनं बोलालास?’ आंतरराष्ट्रीय निर्बंधांवरची बहुतेक चर्चा याच प्रश्नाशी संपते.

पण निर्बंधाची खरी गंमत तो लागल्यावर सुरू होते. युरोपात पळवाटा काढायला मोठमोठ्या वकिलांच्या कंपन्या आहेत. आपल्याकडं दोन सिमचा फोन आहे. आमच्या गल्लीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कडकडीत बंदी पाळली गेली, आणि प्रत्येक फोनच्या दुसऱ्या खणात जुनं सिम शांत बसून होतं. रशियाकडं यालाच छुपा ताफा म्हणतात. श्रीमंत देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये ठरवलं की रशियानं तेल विकावं, पण पिंपाला ६० डॉलरच्या वर गेलं तर आमची जहाजं आणि आमचा विमा मिळणार नाही. मग रशियानं जुनीपुराणी जहाजं गोळा केली, कुठल्या तरी तिसऱ्याच देशाचा झेंडा लावला, विमा कुणाचा ते समुद्राला माहीत. अठराव्या पॅकेजात ही मर्यादा ४७.६० डॉलरवर आणली. तेल बंद व्हायला नको, कारण भाव भडकतो. पैसा मात्र कमी पोचायला हवा. उसाला दर कमी द्यायचा आणि शेतकऱ्यानं ऊस घालणंही थांबवायचं नाही, ही विद्या आम्हाला ब्रुसेल्सच्या आधीपासून ठाऊक आहे.

पैशाचंही तसंच. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात आले आणि म्हणाले, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येईनात. तेलाचे पैसे डॉलरमध्ये घेता येत नाहीत, रुपयांत घेतले तर त्यांचं करायचं काय? पैसे आहेत, खात्यावर दिसतात, पण हातात येत नाहीत. बातमी वाचून दाखवली तेव्हा कट्ट्यावरचा एक शिरोळचा ऊसवाला एवढंच म्हणाला, ‘लावरोवची पण बिलं थकल्यात व्हय?’

सगळ्यात पुढं असतात ते सांगितलं त्याहून जास्त पाळणारे. नायरावर निर्बंध युरोपचे. पण गुजरातेतल्या कंपनीचं ई-मेल बंद केलं अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टनं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. भीती वाटली की माणूस कलम वाचत बसत नाही. आमच्या चहाच्या टपरीवाल्यानं त्या आठवड्यात जिओवाल्यांना कटिंग बंद केला होता. हत्तिणीनं तसं काही सांगितलेलं नव्हतं.

याच्याही पुढची तऱ्हा अमेरिकेची. रशियाला झोडायचं म्हणून २०२५ च्या २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं होतं, एकूण ५०. तेल घेतलं रिफायनरीनं, लढाई करतोय रशिया, आणि दंड शिवणयंत्रावर बसलेल्या कामगाराच्या डोक्यावर. पाटलाच्या म्हशीनं शेत खाल्लं म्हणून वाटेवरच्या कोकराला कोंडवाड्यात घातल्यासारखं.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये मात्र मला एक नवा धंदा दिसला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं कोल्हापुरी घालून मॉडेल चालवले आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरले. मग इकडून ओरड झाल्यावर आठवलं. आता युरोपचा नियम असा की ३०० युरोंवरची चैनीची पादत्राणं रशियाला पाठवायची नाहीत. म्हणजे प्राडाची कोल्हापुरी मॉस्कोला जाऊ शकत नाही आणि कोल्हापूरची कोल्हापुरी जाऊ शकते. रशियन उमरावांच्या पायांची जबाबदारी आता सरळ आपल्यावर आहे. बर्फात करकर वाजेल का, एवढंच बघायचं.

एक गोष्ट मला छळते. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं, दुकानातून सामान देऊ नका, विहिरीवर येऊ देऊ नका म्हणून फर्मान काढलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा चांगला आहे, तो आला नसता तर लाज वाटली असती. पण अख्खा देश वाळीत टाकला, तिथल्या बँकांचे जगाशी चालणारे निरोप तोडले, तर फर्मान काढणारे झेंड्यांसमोर उभे राहून फोटो देतात. घराला टाकलं तर पंच, देशाला टाकलं तर मुत्सद्दी. आणि दोन्हीकडं ज्याच्यावर राग आहे त्याच्या घरी साखर असतेच. संपते ती शेजारच्या म्हातारीची.

आता आबांचं सांगायचं राहिलं. आबांनी हत्तीण जाण्याच्या दोन दिवस आधी ८४ दिवसांचं रिचार्ज मारलं होतं. निर्बंधांना त्यांचा मनापासून पाठिंबा, पदयात्रेत पहिली काही किलोमीटर गेलेही. पण भरलेले पैसे सोडायचे कसे? मग त्यांनी स्वतःपुरती मुदत घेतली: रिचार्ज संपेपर्यंत बोलायचं, मात्र हळू आवाजात. पोरांनी चिडवलं, आबा ढळले नाहीत.

ऑक्टोबरात ते ८४ दिवस संपले आणि आबांनी १९०० वर संदेश पाठवला. त्याच आठवड्यात, २३ तारखेला, ब्रुसेल्सनं एकोणिसावं पॅकेज काढलं. रशियाच्या द्रवरूप वायूवर अखेर बंदी. जुन्या लांब मुदतीच्या करारांना मात्र जानेवारी २०२७ पासून. मी पेपर वाचून दाखवत होतो. आबांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले,

‘त्यांचं बी रिचार्ज शिल्लक हाय की रं.’