मिस्टर कधी येणार?

अशा एक ताई प्रत्येक ऑफिसात असतातच. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्नाची फाईल केव्हाच रेकॉर्ड रूमला गेलेली, नोकरी पक्की, पगार बेताचा आणि पर्समध्ये डब्याशेजारी पाच मीटरचा टेप. सोमवारी त्यांच्या चपला सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या असल्या की रविवारी अंडर-कन्स्ट्रक्शन पाहिलं असं समजायचं. ओढणीला जिन्यातल्या पिचकारीचा डाग असला की रीसेल.

आमच्या ताई डोंबिवलीत भाड्यानं राहायच्या. दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना घरमालक भाडं वाढवायचे आणि वर म्हणायचे, "तुम्हाला घाई नाही हो, पण आमच्या मुलाचं लग्न ठरतंय." हे लग्न वर्षानुवर्षं ठरतच होतं. ताईंनी मध्ये एकदा त्या मुलासाठी एक स्थळही सुचवून पाहिलं. त्यानंतर मालकांनी भाडं जरा जास्तच वाढवलं आणि ताईंनी ठरवलं, आता स्वतःचं घर.

बजेट तीस लाख. गावाकडे हा आकडा सांगितला तर माणसं खुर्ची पुसून देतात. मुंबईच्या बाजूला त्याचं वजन स्टेशनागणिक बदलतं. ठाण्याच्या एजंटानं आकडा ऐकून चहा सांगितलाच नाही. डोंबिवलीच्यानं सांगितला, पण कटिंग. बदलापूरला पूर्ण कप आला, वांगणीला बिस्किटं आली आणि शेलूच्या पुढे नेरळकडे तर "जेवूनच जा मॅडम" असा आग्रह झाला. कर्जतला पोचेपर्यंत ताई श्रीमंत झाल्या असत्या. पण कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटर आणि आमच्या ऑफिसचं मस्टर सव्वादहाला उचलतात.

म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघाली की ताई अर्ज भरायच्या. अनामत रक्कम जायची, यथाकाल परत यायची. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंतचं उत्पन्न म्हणजे अत्यल्प गट आणि त्यापुढे नऊ लाखांपर्यंत अल्प. ताई नेमक्या त्या सहाच्या रेषेवर राहायच्या. एका वर्षी महागाई भत्ता वाढला आणि त्या अत्यल्पमधून अल्पमध्ये गेल्या. ही खरं तर बढती. ताईंनी दोन दिवस सरकारला शिव्या दिल्या, कारण मनात भरलेलं घर अत्यल्पवाल्यांसाठी होतं.

बँकेत वेगळीच तऱ्हा. तिथल्या मुलाला ताईंची निवृत्ती ताईंच्या आधी आठवली. "साठाव्या वर्षी रिटायर म्हणजे कर्ज चौदाच वर्षांचं बसेल. को-अ‍ॅप्लिकंट कोण?"

"मीच."

"नाही, अ‍ॅप्लिकंट तुम्ही. को-अ‍ॅप्लिकंट?"

"दोन्हीकडे सही करते की मी. अक्षर सारखंच येईल."

पण खरी परीक्षा एजंटाच्या गाळ्यात. टेबलावर काच, काचेखाली व्हिजिटिंग कार्डं, मागे साईबाबांची तसबीर. एजंट गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारतो असं आपल्याला वाटतं. बाईमाणूस एकटं आलं तर आधी विचारतो, "मिस्टर कधी येणार?"

ताईंनी सगळी उत्तरं करून पाहिली. "मिस्टर नाहीत" म्हटलं की एजंट हळहळायचा, "अरेरे, केव्हा गेले?" "लग्न केलं नाही" म्हटलं की त्याचा एखादा मामेभाऊ निघायचा, बदलापूर पूर्वेला स्वतःचा टू बीएचके असलेला. "घर मीच घेणार आहे" म्हटलं की तो खूश व्हायचा. "बरोबर आहे मॅडम, घर लेडीजच्याच नावावर घ्यावं, स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे. पण ठरवणार कोण?"

शेवटी एका रविवारी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. माझं काम फक्त मान हलवायचं. "तोंड उघडलंस तर परतीचं तिकीट तुझं तू काढ," एवढीच सूचना. याचा परिणाम असा झाला, की प्रश्न ताई विचारायच्या आणि उत्तरं मला मिळायची.

"ओसी आहे का?"

"सर, आलीच समजा."

"पाणी किती वेळ?"

"सर, पाण्याचं टेन्शनच घेऊ नका."

"कार्पेट किती?"

"सहाशे, सर."

"महारेराच्या साईटवर तीनशे नव्वद लिहिलंय."

एजंटानं माझ्याकडे दुखावलेल्या नजरेनं पाहिलं. "सर, मॅडम फार वाचतात." मी मान हलवली, ते खरंच होतं. पण चौथ्या मजल्यावर घशाला कोरड पडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, पाणी आहे का?" एजंट थबकला. मग त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, भाऊ होय तुम्ही! मग दाजी कधी येणार?"

ताई फार वाचतात त्याला तोड नाही. रेराचा कायदा २०१६ चा, महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला. आपण त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेऊन झोपलो होतो, ताईंनी साईट उघडली असणार. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही हे कलम १३ त्यांना रामरक्षेइतकं पाठ आहे आणि "आज टोकन टाका मॅडम, उद्या रेट वाढतोय" असं कोणी म्हणालं की त्या ते त्याच सुरात म्हणून दाखवतात. कायद्यातल्या कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या धरतात. ताईंचा यावर आक्षेप आहे. त्या म्हणतात, "हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीचे पैसे मी देते. तिच्याखाली सतरंजी घालून दाखवा."

सॅम्पल फ्लॅट हा त्यांचा आवडता प्रकार. भिंतींना आरसे, मधली दारं काढून टाकलेली, कपाटांची खोली एका इस्त्रीच्या शर्टापुरती. इतर गिऱ्हाइकं पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत असतात तेव्हा ताई टेप काढतात. एका ठिकाणी पलंग मोजला तर साडेपाच फूट. सेल्सच्या मुलानं अभिमानानं सांगितलं, "मॅम, मास्टर बेडरूममध्ये पलंग घालूनही एवढी जागा उरते." ताई चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या. पाय घोट्यापासून बाहेर. "पाय कुठल्या फेजमध्ये देणार?" असं त्यांनी झोपूनच विचारलं. तो पोरगा नवीन होता. "विचारून सांगतो मॅम" म्हणाला आणि खरंच विचारायला गेला.

रीसेलचं शास्त्र निराळं. तिथे घरमालकाशी बोलण्यात ताई वेळ घालवत नाहीत. मालक घराबद्दल तेवढंच सांगतो जेवढं उपवर मुलीचा बाप मुलीबद्दल. त्या आधी खाली वॉचमनशी बोलतात, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी. इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक: कोणत्या मजल्यावर गळतं, कोणाकडे टँकरचं पाणी विकत येतं, कोणाचं मेंटेनन्स थकलंय. मग घरात शिरून त्या पर्समधून काचेची एक गोटी काढतात आणि हॉलच्या मध्यभागी सोडतात. गोटी बाथरूमकडे गेली तर ठीक, बाथरूममधून हॉलकडे आली तर नमस्कार. एका घरात गोटी थेट बाहेरच्या दारातून जिना उतरून गेली. ताई म्हणाल्या, "तिला पसंत नाही," आणि तिच्या मागोमाग खाली उतरल्या.

बदलापूरला एक तळमजल्याचा फ्लॅट बजेटमध्ये अगदी चपखल बसत होता. एजंट गॅलरीत उभा राहून हात पसरून म्हणाला, "रिव्हर व्ह्यू, मॅडम." २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती आणि तिच्यातून हजारावर माणसं बाहेर काढावी लागली होती. ताईंनी शांतपणे विचारलं, "व्ह्यू त्या दिवशी कितीपर्यंत आत आला होता?" एजंटानं मेट्रोचा विषय काढला. कांजूरमार्ग–बदलापूर मेट्रोचा प्रस्ताव आहे, ती आली की रेट डबल. ताई म्हणाल्या, "म्हणजे नदी आली की निम्मा होईल ना? मग आज मला निम्म्यात द्या."

यातलं काहीच त्यांना खात्रीचं वाटलं नाही तर शेवटचं न्यायालय म्हणजे संध्याकाळच्या बदलापूर लोकलचा लेडीज डबा. तिथे मटार सोलता सोलता बायका जी माहिती देतात ती कुठल्याही साईटवर अपलोड होत नाही. एका बिल्डरनं लिफ्ट दाखवली आणि पजेशनला लिफ्टचा खड्डा दिला, ही बातमी ताईंना उल्हासनगर आणि अंबरनाथच्या मध्ये मिळाली. तेवढ्यानं एक फसवा व्यवहार टळला.

एकट्या माणसाला घर घेणं सोपं, असं आपल्यासारख्या संसारी लोकांना वाटतं. कोणाला विचारायला नको, आवडलं की घेतलं. मला वाटतं, उलट आहे. चारचौघांच्या घरात कामं वाटलेली असतात. नवरा भाव पाडतो, बायको ओटा बघते, सासूबाई देव्हाऱ्याची दिशा ठरवतात, मेहुणा काहीतरी खोट काढतो आणि मुलगी खिडकीच्या प्रेमात पडते. ताईंना हे सगळं स्वतःच करावं लागतं. त्यामुळे ही सगळी मंडळी त्यांच्याच आत राहायला आलेली आहेत आणि त्यांचं आपसात अजिबात पटत नाही.

बदलापूर पश्चिमेला एक घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसायचा. आतल्या मुलीनं तिथेच बसकण मारली. आतल्या सासूबाईंनी ओट्याचं तोंड बघून नाक मुरडलं. आतला नवरा दोन लाख खाली आणायच्या गोष्टी करू लागला आणि मेहुण्यानं भिंतीवर नखानं ओरखडून "ओल" असा एकच शब्द उच्चारला. तरीही मुलगी जिंकली असती. पण या कुटुंबात सत्तर वर्षांची एक म्हातारीही आहे, ताई अजून झालेल्या नाहीत ती. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. म्हातारी पहिल्या मजल्याच्या वळणावर बसली ती उठेचना, आणि तिला उचलून वर न्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. घर हुकलं. मुलगी आठवडाभर कोणाशी बोलली नाही. आम्हाला ऑफिसात ते जाणवलं.

म्हणून ताई प्रत्येक एजंटाला निघताना सांगायच्या, "घरच्यांना विचारून सांगते." एजंटांना वाटायचं, बाई टाळतेय.

अखेर घर मिळालं. कसं मिळालं यात सांगण्यासारखं फारसं नाही. ज्याला घरातल्या कोणीच कडाडून विरोध केला नाही ते घेतलं. दुसरा मजला, लिफ्ट, बत्तीस लाख. वरचे दोन लाख भाव पाडणाऱ्यानं पाडायला हवे होते, पण तो शेवटी शेवटी थकला होता. बायकांना स्टॅम्प ड्यूटीत एक टक्क्याची सूट महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. सुरुवातीला तिला अट होती, ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढून टाकली. ताई म्हणाल्या, अट राहिली असती तरी माझं काही अडलं नसतं. सुटीचे वाचले बत्तीस हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार. म्हणजे बाई असल्याबद्दल सरकारकडून निव्वळ दोन हजार रुपये शिल्लक राहिले. ताईंनी त्यात सेफ्टी डोअरला चांगलं कुलूप घेतलं.

दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात मी साक्षीदार होतो. अंगठा, फोटो, सही. तिथला माणूस मला म्हणाला, "सर, मॅडमना सांगा इथे सही करायला." ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुढचं सगळं त्यानं ताईंनाच सांगितलं, मला बाकावर बसायला सुद्धा सांगितलं नाही.

शेवटचा अडथळा सोसायटीचा. शेअर सर्टिफिकेट नावावर करण्याआधी कमिटी नव्या सभासदाला 'भेटायला' बोलावते. ताई आपली फाईल घेऊन गेल्या, मी सवयीनं मागे. चेअरमन सतरंजीवर मांडी घालून म्हणाले, "आम्ही तशी फॅमिलीच प्रेफर करतो. मिस्टर कुठे असतात आपले?"

ताईंनी फाईल उघडली. "ते सांगतेच. आधी मला सांगा, कन्व्हेयन्स झालंय का?"

नव्हतं झालं.

"बिल्डिंग किती वर्षांची? मग डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज? सिंकिंग फंड कुठल्या बँकेत? टाकी शेवटची केव्हा धुतली? ट्रान्सफर प्रीमियमला उपविधींत कमाल मर्यादा आहे आणि तुम्ही माझ्याकडे त्यावर 'देणगी' मागितलीय, तिची पावती कोणत्या नावानं फाडता?"

चेअरमननी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी गॅलरीतल्या कबुतरांकडे पाहू लागले. कोपऱ्यातले एक आजोबा, बहुधा गेली कित्येक वर्षं हेच प्रश्न मनात धरून बसलेले, पुढे सरकून बसले आणि त्यांनी ताईंसाठी चहा सांगितला. पूर्ण कप, बिस्किटांसकट.

तासाभरानं सेक्रेटरींनी घाम पुसला. आवाज एकदम घरगुती झाला. "ताई, आमच्या कमिटीत खजिनदाराची जागा रिकामी आहे. तुमच्यासारखं माणूस आलं तर फार बरं होईल. घ्याल का?"

ताईंनी फाईल मिटली, टेप पर्समध्ये टाकला आणि उठता उठता म्हणाल्या, "घरच्यांना विचारून सांगते."