सविनय गळती

भाच्याने माझ्या संगणकावर एक सहायक बसवून दिला. "मामा, तुमचे मेल फार चढ्या आवाजात असतात," असं त्याचं म्हणणं. मेलला आवाज नसतो, हे मी त्याला वरच्या पट्टीत समजावून सांगितलं. तोवर त्याचं काम झालं होतं.

या सहायकाचं वागणं साधं आहे. आपण लिहिलेला मजकूर निवडायचा, दोन कळा दाबायच्या, की पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडते आणि विचारते, कसं लिहून देऊ? व्यावसायिक, मैत्रीपूर्ण की संक्षिप्त? अ‍ॅपलने २०२४ मध्ये आपल्या संगणकांतच अशी सोय घालून दिली, तिथेही सूर म्हणून नेमके हेच तीन. एवढ्या बलाढ्य कंपन्यांना मनुष्यस्वभावात तीनच सूर सापडावेत याचं मला नवल वाटतं. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत नुसत्या पार्किंगसाठी याहून जास्त लागतात. यात खोचक नाही, जरब नाही, 'मला काय करायचंय, पण सांगून ठेवते' हा तर नाहीच नाही. रुसून लिहायचं असेल तर माणसाने कुठलं बटण दाबायचं?

पहिला प्रयोग घरच्याच माणसावर झाला. बायकोचा व्हॉट्सअ‍ॅप आला, 'येताना कोथिंबीर आणा. मागच्यासारखी पिवळी नको.' मी संगणकावरच होतो. 'बरं' असं लिहिलं आणि गंमत म्हणून कळा दाबल्या. निघालं ते असं: 'आपला संदेश मिळाला, धन्यवाद. कोथिंबिरीच्या दर्जाबाबत आपण व्यक्त केलेली चिंता मी पूर्णपणे समजू शकतो. यापुढे आपल्या अपेक्षांना उतरेल अशीच जुडी निवडली जाईल, याची खात्री बाळगावी.' पाठवून दिलं. मिनिटभरात फोन वाजला. "कोण बोलतंय?" तिने विचारलं. आवाजात संशय होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने तिची चिंता पूर्णपणे समजून घ्यावी, हे तिला ठीक लक्षण वाटलं नसावं. त्या संध्याकाळी मला दोनदा ताप पाहायला सांगण्यात आलं.

हे यंत्र इतकं गोड का बोलतं, हे भाच्याने मला नंतर सांगितलं. त्याला घडवताना माणसांसमोर एकाच प्रश्नाची दोन-दोन उत्तरं ठेवतात आणि यातलं बरं कुठलं, असं विचारतात. माणूस साहजिकच नरमाईच्या उत्तराकडे बोट दाखवतो. अशी असंख्य बोटं पाहून यंत्र शहाणं होतं. त्यामुळे ते कायम पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं वागतं. श्रीखंड आंबट असलं तरी 'वा' म्हणायचं आणि वाटी पुढे करायची.

त्याच्या पूर्वजांत हा गुण नव्हता. ऑफिस ९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने डोळे लावलेली एक पेपरक्लिप सोडली होती, क्लिपी नावाची. आपण पत्राची पहिली ओळ लिहिली की ती टुणकन वर यायची आणि भुवया उडवत म्हणायची, पत्र लिहिताय असं दिसतं, मदत हवी का? पत्रच लिहितोय हे मलाही दिसत होतं. जगभरच्या लोकांनी तिला इतका वैताग दाखवला की ऑफिस २००७ पर्यंत तिला घरी बसवण्यात आलं. पुढे २०१५ साली गूगलने मेलला आपोआप छोटी उत्तरं सुचवणारी सोय काढली. तिच्या आरंभीच्या चाचण्यांत यंत्र काहीही आलं तरी 'आय लव्ह यू' सुचवायचं, असं गूगलच्याच मंडळींनी सांगितलं आहे. माणसं एकमेकांना ते वाक्य फार लिहितात, म्हणून यंत्राला काही सुचेनासं झालं की ते तिकडेच वळायचं. ते त्या अवस्थेत आमच्या ऑफिसात आलं असतं आणि 'व्हाउचर सापडत नाही' या ऑडिटरच्या मेलला माझ्या नावाने उत्तर देऊन बसलं असतं तर? दर मार्चअखेरीस हा विचार माझ्या मनात येतो आणि बॅलन्सशीट जुळत नसली तरी मला हलकं वाटतं.

आता कोणी म्हणेल, नम्रतेला हा माणूस एवढा का भितो? भीत नाही. आम्ही मायन्यात वाढलेली माणसं आहोत. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढं लिहून झाल्यावर पुढच्याच ओळीत 'पैसे संपले, पाठवा' असं असायचं. शाळेत मायन्याला वेगळे गुण होते. जुन्या दफ्तरांतली पत्रं काढून पाहा, वर कोण कोणाला किती वाकतो याचा चोख हिशोब, खाली 'बहुत काय लिहिणे', आणि मध्ये कोणाचा तरी मुलूख मारल्याची बातमी किंवा थकलेल्या वसुलीची दटावणी. आमच्या आजोबांनी सख्ख्या भावाला बांधावरून कोर्टात खेचलं, ते पत्रसुद्धा सा. न. वि. वि. ने सुरू होऊन 'लोभ असावा' वर संपतं. म्हणजे आपल्याकडे विनयाला जागा नेमून दिलेली होती, वरची आणि खालची. मधल्या मजकुरात त्याला प्रवेश नव्हता. तिथे माणूस आपला आपण असायचा. या यंत्राला ही वहिवाट ठाऊक नाही. ते पत्राच्या पोटात शिरतं आणि मायना सगळीकडे फासून ठेवतं.

त्याचा परिणाम आमच्या बाथरूमच्या छतावर दिसला. वरच्या मजल्यावरून पाणी गळायला लागलं. पूर्वी अशा वेळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने एक वाक्य लिहिलं जायचं. त्यात लाज या गोष्टीचा उल्लेख असायचा, नाव कोणाचंच नसायचं, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला कळायचं. पण मी सुधारलेला. मी लिहिलं, 'तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या डोक्यावर पडतंय. ताबडतोब बघा.' सहायकाने त्याचं केलं: 'आपल्या व आमच्या सदनिकांमधील जलप्रवाहाच्या अनुषंगाने आपल्याशी विधायक संवाद साधता आल्यास आनंद वाटेल. आपल्या व्यग्र दिनक्रमाची मला जाणीव आहे.' वरचे गृहस्थ आयटीतले, त्यांच्याकडेही तसलाच कोणीतरी नोकरीला. उत्तर आलं: 'हा महत्त्वाचा मुद्दा आस्थेने मांडल्याबद्दल मनःपूर्वक आभार. परस्पर सामंजस्याची ही परंपरा अशीच वृद्धिंगत होवो.'

परंपरा वृद्धिंगत झाली. गळतीही झाली. मी बादली ठेवली आणि पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा आभार मानले. सगळा पत्रव्यवहार सोसायटीच्या ग्रुपवर जात होता, त्यामुळे आमची घनिष्ठ मैत्री असल्याची बातमी पसरली. बी विंगमधल्या वहिनींनी "शेजार असावा तर असा" म्हणून अंगठा दाखवला. माघी गणपतीच्या वर्गणीसाठी आम्हा दोघांची जोडी लावून देण्यात आली. माझा राग माझ्याच मेलमधून मला सापडेनासा झाला. स्वतःची पत्रं वाचून मला वरच्या माणसाबद्दल आपुलकी वाटायला लागली, ही तर कमालच होती.

हे प्रकरण आईने संपवलं. तिला सहायक ठाऊक नाही. एका सकाळी पाठीवर गार थेंब पडला, तशी ती डक्टच्या खिडकीला तोंड लावून ओरडली, "अरे ए वरच्या! तुझ्या आंघोळीचं पाणी माझ्या अंगावर येतंय रे! डोळे फुटले का?" वर नळ बंद झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ टॉवेलवरच तो गृहस्थ आमच्या दारात. "आजी, गळतंय तर आधी सांगायचं नाही का?"

मी त्याला माझे मेल दाखवले. त्याने त्याचा फोन दाखवला. त्याचा सहायक आलेल्या लांब मेलचा सारांश काढून देतो. माझ्या प्रत्येक पत्राखाली त्याने प्रामाणिकपणे नोंद केली होती: 'शेजारी समाधानी आहेत. कृती आवश्यक नाही.'

दुपारी प्लंबर आला, फरशी उखडली, जॉइंट बदलला. रात्री ग्रुपवर वरून मेसेज पडला. या वेळी त्याला कोणी हात लावलेला नव्हता हे दिसतच होतं. 'प्लंबर ने ३२०० घेतले. निम्मे तुम्ही द्या.'

मी लिहिलं, 'का म्हणून?' कोपऱ्यातली चौकट लगेच उघडली, मैत्रीपूर्ण करू का म्हणून. मी तिला मिटवलं आणि पाठवून दिलं. बी विंगमधल्या वहिनी ऑनलाइन आल्या. पाठोपाठ चेअरमन आले. बऱ्याच दिवसांनी ग्रुपमध्ये जान आली.

वरून उत्तर आलं, 'सोसायटीचे उपविधी वाचा.'

'तुम्हीच वाचा,' मी लिहिलं, 'आणि मोठ्याने वाचा. डक्टमधून सगळं ऐकू येतं.'